मोटारसायकलचा कंपनीचा रंग: टवका बुजवणे, चरे आणि रोजची निगा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचे हँडल लागून, १४ महिने वापरलेल्या गडद निळ्या मेटॅलिक मोटारसायकलच्या टाकीवरून तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडाला. खाली पत्रा दिसतो आहे आणि पावसाळ्यानंतर तिथे तपकिरी झाक आली आहे. बाजूच्या प्लॅस्टिकच्या पॅनेलवर किल्लीने ओढल्यासारखा वीतभर चरा आहे, आणि उन्हात पाहिले की टाकीभर बारीक गोलाकार रेषा चमकतात. गॅरेजवाल्याने पूर्ण टाकी रंगवून वर सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा पातळ, पारदर्शक संरक्षक लेप) करून घ्या, असे सुचवले आहे. ते ऐकावे का, आणि नाही तर घरच्या घरी काय करता येईल, असे आपण विचारले आहे.

एवढ्या टवक्यासाठी टाकी रंगवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारखान्यात टाकीवर रंग चढतो तेव्हा ती नुसती पत्र्याची टाकी असते. तिला ना रबर असते, ना वायर, ना पेट्रोलचा कॉक. त्यामुळे पत्र्याला गंज रोखणारी फॉस्फेटची प्रक्रिया देऊन, प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), रंग आणि लॅकर यांचे थर चढवून ती भट्टीत सुमारे १४० अंश सेल्सिअसपर्यंत भाजता येते. गॅरेजचा चांगल्यातला चांगला बूथ ६० ते ८० अंशांच्या पुढे सहसा जात नाही आणि बहुतेक ठिकाणी तर रंग उन्हातच वाळतो. शिवाय रंगारी जुना रंग घासताना कडांवर आणि जोडांवर हमखास पत्र्यापर्यंत पोचतो, आणि तिथला मूळ फॉस्फेटचा थर एकदा गेला की तो गॅरेजमध्ये तसाच्या तसा परत येत नाही. दोन घटकी, म्हणजे हार्डनर घालून मारलेला रंग कुशल हाताने केला तर वर्षानुवर्षे टिकतो, हे मी नाकारत नाही. मात्र तांदळाएवढ्या जागेसाठी उरलेला सगळा धडधाकट रंग घासून टाकणे हा तोट्याचा सौदा आहे. आपल्या टाकीवरची पट्टी किंवा नाव लॅकरच्या खाली असेल, तर तेही जाईल आणि बाहेरून आणलेला स्टिकर वर चिकटवावा लागेल, ज्याची कड बोटाला लागत राहते. टाकीला पोचा आला असता, रंगाचे पोपडे निघाले असते किंवा टवक्याभोवती तळहाताएवढी जागा फुगली असती, तर माझे उत्तर वेगळे असते. तेव्हाही रंगकामाचा आणि कंपनीतून रंगवून येणाऱ्या नव्या टाकीचा, असे दोन्ही भाव आधी विचारून घ्यावेत. विम्याचा दावा करण्याचा विचार असेल तर एवढ्याशा कामापायी पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाते, हेही लक्षात असू द्यावे.

आता मुळात हाताशी काय आहे ते समजून घेऊ. सर्वांत वरचा पारदर्शक लॅकर साधारण ३० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे डोक्याच्या एका केसापेक्षाही पातळ. ऊन, पेट्रोल, पक्ष्यांची विष्ठा, फडक्याची घासणी हे सगळे तोच सोसतो, आणि ‘रबिंग’ किंवा ‘कटिंग’ या नावाने जे काही केले जाते ते म्हणजे त्याच लॅकरचा वरचा भाग छाटून काढणे होय. चमक येते ती त्यामुळेच, आणि दर सहा महिन्यांनी सर्व्हिसिंगच्या वेळी हौसेने पॉलिश मारून घेणाऱ्यांच्या टाक्या काही वर्षांत कडांवर पांढुरक्या पडतात त्याही त्यामुळेच. लॅकर हा एकदाच मिळालेला साठा आहे. तो कुठे खर्च करायचा ते आपण ठरवावे, वॉशिंग सेंटरवरच्या मुलाने नव्हे.

टवक्याला हात लावण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे गंज बाहेरून आला आहे की आतून. आपल्या वर्णनावरून तो बाहेरून आलेला, म्हणजे वरवरचा दिसतो. पण टवका टाकीच्या तळाशी, जोडाच्या शिवणीजवळ असेल, आजूबाजूचा रंग फोडासारखा वर आला असेल आणि पेट्रोलचा बारीकसा वास येत असेल, तर गंज आतून बाहेर पडतो आहे असे समजावे. पुण्यातल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी धरून ठेवते आणि पाण्याचे प्रमाण वाढले की ते पाण्यासकट पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. पावसाळ्यात महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा त्रास जास्त होतो. अशा टाकीवर बाहेरून कितीही रंग लावला तरी उपयोग नाही. ती उतरवून आतून साफ करावी लागते किंवा बदलावी लागते. दुसरी तपासणी चऱ्याची. चऱ्यावर ओले बोट फिरवावे. पाणी असेपर्यंत चरा दिसेनासा होत असेल तर तो लॅकरपुरताच आहे; पाण्यातही पांढरा किंवा काळा दिसत असेल आणि नख त्यात अडकत असेल तर तो रंगाच्या थरात किंवा त्याखाली उतरला आहे.

टाकीवरचा टवका आणि पॅनेलवरचा चरा यांची निकड एकसारखी नाही. पत्रा गंजतो, प्लॅस्टिक गंजत नाही. पॅनेलचा चरा चार महिने तसाच राहिला तरी तो आहे तेवढाच राहील. टवक्यातला गंज मात्र लॅकरच्या कडेखालून आडवा पसरतो आणि एक दिवस नखाएवढा पापुद्रा सुटून हातात येतो. म्हणून टवका आधी. तोही आजच रंगवणे शक्य नसेल तर जागा पुसून, कोरडी करून त्यावर मेणाचा ठिपका तरी लावून ठेवावा. रंगवण्याआधी तो स्पिरिटने पूर्ण काढावा लागेल, एवढेच.

हे काम पुण्यात कधी करावे यालाही महत्त्व आहे. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत रंगातला थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतले बाष्प धरते आणि लॅकर दुधाळ होतो. एप्रिल-मेच्या दुपारी उलट होते. रंग पसरण्याआधीच आळतो आणि वर खरखरीत राहतो. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले, सकाळचा गारवा सरल्यावर, साधारण अकरा ते तीनच्या दरम्यान, सावलीत. पत्रा हाताला गार किंवा गरम न लागता सुखद लागला पाहिजे.

रंगाची शेड मिळवताना बहुतेकांची फसगत होते. कंपनीच्या सुट्या भागांच्या यादीत शेडचे नाव किंवा क्रमांक असतो. सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्सच्या खिडकीवर मॉडेल, वर्ष आणि नोंदणी पुस्तकावरील रंगाचे नाव सांगून तो मिळवावा. तयार टचअपची बाटली मिळाली तर उत्तम. नसल्यास रंग मिसळून देणाऱ्या दुकानात मोबाइलमधला फोटो न नेता प्रत्यक्ष पॅनेल काढून न्यावे आणि दुकानातल्या ट्यूबच्या उजेडात होकार न देता रंगाचा ठिपका कार्डावर वाळवून बाहेर दिवसाच्या उजेडात पाहावा. ओला रंग आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही. सीटखालचा न उतरलेला रंग न जुळवता उन्हाला लागलेल्या, दर्शनी बाजूच्या रंगाशी जुळवावे. हे सगळे करूनही मेटॅलिक रंगात थोडा फरक राहणारच, कारण स्प्रे गनने मारलेल्या रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण पत्र्याला समांतर निजतात, तर ब्रशने किंवा काडीने लावलेल्या थेंबात ते वाटेल तसे उभे-आडवे राहतात, आणि ठिपका एका बाजूने काळपट दिसतो. हा दोष रंगाच्या दुकानदाराचा नाही आणि आपल्या हाताचाही नाही. तीन फुटांवरून नजरेस न येणारा आणि पत्रा पक्का झाकणारा ठिपका मिळाला, की टचअप चांगला झाला असे मानावे.

प्रत्यक्ष काम असे करावे. टाकी साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करावी, जवळपास काडेपेटी, गॅस, चालू इंजिन काही नको आणि पेट्रोलचे झाकण घट्ट लावलेले हवे. टवक्याच्या कडेला सुटलेला लॅकर असेल तर तो टूथपिकने हलकेच उचलून काढावा. जो सहज निघत नाही त्याच्या मागे लागू नये. मग पेन्सिलच्या मागच्या सपाट टोकावर ८०० नंबरच्या वॉटर पेपरची (ओला करून वापरायचा पॉलिश कागद), टवक्यापेक्षा लहान अशी टिकली चिकटवून गंज तेवढाच खरवडावा. बोटाला पेपर गुंडाळून घासले तर टवक्याभोवतीचा रुपयाएवढा लॅकर भुरका होतो आणि तांदळाएवढे काम रुपयाएवढे होऊन बसते. खाचेत काळे ठिपके उरले तर फॉस्फोरिक आम्ल असलेल्या गंजनाशकाचा एक थेंब काडीने सोडावा, डब्यावर लिहिलेला वेळ संपल्यावर ओल्या कापडाने दोनदा टिपून घ्यावे आणि जागा पूर्ण वाळू द्यावी. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. रंगाच्या दुकानातल्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरने पुसू नये. तो भोवतालच्या लॅकरला मऊ करू शकतो आणि पॅनेलवर गेला तर त्याच्या एबीएस जातीच्या प्लॅस्टिकला बारीक तडे पाडतो.

उघड्या पत्र्यावर प्रायमर लागतोच, शक्यतो इपॉक्सी. स्प्रेचा डबा असेल तर थोडा प्रायमर त्याच्या झाकणात मारून घ्यावा, पाच-दहा मिनिटे त्यातले बुडबुडे निघून जाऊ द्यावेत आणि मग टूथपिकच्या टोकावर येईल तेवढाच उचलावा. थेंब खाचेच्या मधोमध टेकवावा. तो आपोआप कडेपर्यंत पसरतो. काडी किंवा ब्रश फिरवून रंग ‘लावण्याचा’ मोह झाला की तो कडेवरून बाहेर येतो आणि तिथेच पुढे वळकटी दिसते. प्रायमर पत्रा जेमतेम झाकेल इतका पातळ असावा आणि डब्यावरच्या सूचनेप्रमाणे पूर्ण वाळावा. त्यानंतर रंगाचे दोन किंवा तीन पातळ थेंब, प्रत्येकामध्ये अर्धा तास जाऊ देऊन. प्रत्येक थेंब वाळताना खाली बसतो, त्यामुळे पहिल्या थेंबानंतर खाच तशीच राहिलेली पाहून घाबरण्याचे कारण नाही. रंग भोवतालच्या पातळीच्या किंचित खाली राहिला पाहिजे, कारण वर लॅकरला जागा हवी. मेटॅलिकमध्ये दर वेळी बाटली नीट हलवावी, नाही तर कण तळाशी राहतात आणि वर नुसता निळा येतो.

लॅकरच्या बाबतीत एक आग्रह आहे. टाकीवर, त्यातही झाकणाच्या जवळ, साधा एकघटकी लॅकर टिकत नाही. पंपावरचा मुलगा ‘फुल’ करताना चार थेंब सांडतो, ते ठिपक्यावरून ओघळतात आणि लॅकर चिकट होऊन रंगासकट पुसला जातो. इथे हार्डनर मिसळून घ्यायचा दोन घटकी लॅकरच हवा. प्रमाण डब्यावर दिलेले असते. सुई काढलेल्या सिरिंजने मोजून अगदी थोडा करावा, कारण उरलेला काही तासांत घट्ट होतो. हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला अपायकारक रसायन असते, म्हणून हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी, आणि असा लॅकर साध्या कापडी मास्कवर घरात स्प्रे करण्याच्या फंदात तर मुळीच पडू नये. काडीने थेंब सोडणे आणि गनने तुषार उडवणे यांतल्या धोक्यात फार अंतर आहे. थेंब पातळीच्या थोडा वर, फुगीर राहू द्यावा.

इथे थांबले तरी चालते. पत्रा झाकला गेला, गंज थांबला. उरलेले काम केवळ नजरेच्या समाधानासाठी आहे. ते करायचेच असेल तर आठवडाभर थांबून, खोडरबराच्या कापलेल्या तुकड्याला २००० किंवा २५०० नंबरचा वॉटर पेपर लावून, साबणाच्या पाण्यात भिजवून, फक्त फुगवट्याचा माथा चार-पाच हलक्या हातांनी खाली आणावा. दर दोन घासण्यांनंतर पुसून पाहावे. भोवतालचा भाग भुरका दिसू लागला की हात आवरावा. मग बारीक पॉलिशिंग कंपाउंड मऊ मायक्रोफायबरवर घेऊन त्याच जागी चमक आणावी. टाकीच्या कडेवर किंवा उठावाच्या रेषेवर टवका असेल तर ही पायरी सरळ वगळावी. कडांवर लॅकर मुळातच पातळ असतो.

पॅनेलवरचा चरा लॅकरपुरताच असेल तर हाताने, त्याच बारीक कंपाउंडने कमी होतो. पूर्ण जात नाही, पण उजेड त्यावर अडकत नाही. नख अडकत असेल तर शून्य नंबरच्या ब्रशने चऱ्याच्या आत रंगाची आणि मग लॅकरची रेघ भरावी. काळे प्लॅस्टिक उघडे पडले असेल तर त्यावर आधी प्लॅस्टिकसाठीचा प्रायमर लागतो, नाही तर रंग सालीसारखा निघतो. वाळवायला हीट गन वापरू नये, पॅनेल वाकडे होते. दुसरा मार्ग म्हणजे पॅनेल बदलणे. नाना पेठेत सुटे भाग स्वस्तात मिळतात, पण रंगवलेले पॅनेल घेताना ते कंपनीचे आहे की बाहेरचे, हे उन्हात टाकीशेजारी धरून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. निळ्या आणि लाल मेटॅलिकमध्ये बाहेरच्या पॅनेलची शेड बरेचदा चुकलेली असते.

आपली गाडी मॅट असती तर या उत्तरातला घासण्याचा आणि कंपाउंडचा प्रत्येक शब्द खोडावा लागला असता. मॅट लॅकर वरून खडबडीत असतो म्हणून तो उजेड विखुरतो. घासले की तेवढीच जागा तुकतुकीत होते आणि तो डाग आयुष्यभर राहतो. मॅटला मेण नाही, पॉलिश नाही. टवका बुजवावा आणि चरा सोसावा.

राहिल्या त्या गोलाकार रेषा. त्या पॉलिश न केल्याने आलेल्या नाहीत, कोरड्या फडक्याने आलेल्या आहेत. सकाळी निघताना टाकीवरची धूळ फडक्याने झटकण्याची आपल्याकडची सवय हेच त्याचे कारण; विशेषतः मेट्रोची, पुलांची आणि इमारतींची कामे चालू असलेल्या रस्त्यांवरची धूळ म्हणजे सिमेंट आणि खडीची भुकटी, आणि ती लॅकरपेक्षा कठीण असते. सोसायटीत गाड्या पुसणारे काका एकाच फडक्याने आणि एकाच बादलीत दहा गाड्या पुसतात. पगार तोच देऊन त्यांना आपली गाडी न पुसण्याची विनंती करावी, यात त्यांचाही अपमान नाही. धूळ पाण्याने वाहू द्यावी, मग सौम्य शाम्पूच्या फेसाने मऊ मिटनने (हातात घालायच्या धुण्याच्या मोज्याने) वरून खाली धुवावे आणि मायक्रोफायबर टेकवून पाणी टिपून घ्यावे. कपड्यांची पावडर नको. सावलीत धुवावे, शहराच्या बाहेरच्या भागांत टँकरचे किंवा बोअरचे जड, क्षारांचे पाणी असते, ते उन्हात वाळले की पांढरे वळ राहतात. ताजे वळ असतील तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसावे आणि लगेच धुवावे. वॉशिंग सेंटरवर इंजिनला डिझेल मारतात ते चमकदार दिसते, पण त्या तेलकटपणावर धूळ चिकटून बसते आणि रबराचे आयुष्य कमी होते; नको म्हणून सांगावे. आज दिसणाऱ्या रेषा एकदा, फक्त एकदा, हाताने बारीक पॉलिश करून कमी कराव्यात. गोल फिरणारे मशीन टाकीच्या वळणावर लावू देऊ नये.

पक्ष्यांच्या विष्ठेचा डाग त्याच दिवशी काढावा. उन्हात लॅकर तापून मऊ होतो, विष्ठा वाळताना आकसते आणि थंड झाल्यावर लॅकर तोच आकार धरून बसतो, म्हणून पुसल्यावरही खड्ड्यासारखा ठसा दिसतो. खरवडू नये, ओले कापड पाच मिनिटे ठेवून उचलून घ्यावे. झाडाच्या चिकाचेही तसेच. कव्हर घालायचे तर धुतलेल्या आणि कोरड्या गाडीवरच. धुळीवर घातलेले आणि वाऱ्याने फडफडणारे कव्हर हे रात्रभर चालणारे घासकाम असते, आणि ओल्या गाडीवरचे कव्हर गंजाला निमंत्रण.

दसऱ्याबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण त्यानंतरच्या आठवड्यात येणाऱ्या चऱ्यांचा आकार ओळखीचा असतो: हँडलपासून टाकीच्या पुढच्या खांद्यापर्यंत, दोन्ही बाजूंना, समांतर. झेंडूचा हार तारेत ओवलेला असतो आणि हँडल वळवले की तारेचे टोक टाकीवर ओढले जाते. हार दोऱ्यात ओवलेला घ्यावा आणि पूजा झाली की गाडी हलवण्यापूर्वी उतरवावा. ओल्या हळदीकुंकवाचे बोट टाकीऐवजी हेडलाइटवर किंवा नंबर प्लेटवर लावावे. पांढऱ्या आणि मॅट रंगावर कुंकवाचा डाग उरतो, आणि तेलात कालवलेला शेंदूर तर त्याहून चिवट.

आता सिरॅमिक कोटिंगचे. ते वाईट नाही. पाणी आणि घाण चटकन सुटते, धुणे सोपे होते, जुना रंग थोडा खुलतो. पण काही मायक्रॉनचा थर हँडलचा घाव किंवा उडालेली खडी अडवू शकत नाही. टाकीवर ते असते तरी हा टवका उडालाच असता. टाकीच्या गुडघे टेकतात त्या बाजूंना आणि मागे बसणाऱ्याचा पाय लागतो त्या शेपटीच्या भागाला पारदर्शक पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी चिकट फिल्म, लावणे याहून उपयोगी आहे, आणि किल्लीच्या जुडग्यातून घराच्या किल्ल्या काढणे तर फुकटात होते. कोटिंग करायचेच ठरवले, तर आधी ‘कटिंग’ किती करणार हे विचारावे आणि पॉलिशच्या एकाच फेरीवर भागवायला सांगावे. टचअपचा लॅकर पूर्ण पक्का व्हायला महिनाभर द्यावा. तोवर त्या जागी मेण, कोटिंग, फिल्म किंवा मॅग्नेटची टँक बॅग यांपैकी काहीही लावू नये, आणि पेट्रोल भरताना झाकणाखाली एक ओले कापड ठेवावे.